सोमवारी सगळ्यांनी मिळून सीएल टाकली तर नोकरी जाईल का?

प्रश्न असा आलाय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत १८० परमनंट, ठेकेदाराची पोरं जवळपास तितकीच. पगारवाढीचा तीन वर्षांचा करार संपून आठ महिने झाले, मॅनेजमेंट बैठकीला बसतच नाही, बसली तर मार्केट डाऊन आहे म्हणते. आता पोरांनी ठरवलंय की संप हा शब्दच काढायचा नाही, सोमवारी सगळ्यांनी एकदम सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह, टाकायची आणि घरी बसायचं. नोकरी जाईल का, पगार कापतील का, आणि कायदा नेमका कधी आपल्या बाजूनं असतो, असं विचारलंय.

आज शुक्रवार आहे म्हणून आधी सोमवारचंच सांगतो. नका करू.

कामून ते सांगतो. ही सगळ्यांनी मिळून सुट्टी टाकायची आयडिया जुनी आहे, आमच्या चिकलठाण्यात नि रेल्वे स्टेशन एमआयडीसीत कैक वेळा वापरली गेली, आणि तेव्हा वकिलाला निदान भांडायला जागा तरी असायची की साहेब हा संप नाही, ज्याच्या त्याच्या हक्काची रजा आहे. ती जागा आता गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झालीय, आणि तिच्यात संपाच्या व्याख्येतच लिहून टाकलंय की एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून कॅज्युअल लीव्ह घेतली तर तो संपच. आता कोणीतरी हुशार म्हणेल की आपण ४५ टक्केच टाकू, पण तसंही सुटत नाही, कारण ठरवून एकदम काम बंद करणं ही संपाची मूळ व्याख्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे ती तशीच आहे, आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सोमवारी कोणीच यायचं नाही" हा मेसेज पडलेला असणार, त्याचा स्क्रीनशॉट एचआरकडे रविवारीच पोचतो, हे मी पंचवीस वर्षं बघायलोय. म्हणजे सोमवारी तुम्ही केला तो संपच, आणि तोही नोटीस न देता केलेला, म्हणजे सरळ बेकायदा. चांगलं कारण हातात असताना केस अशी घालवायची नसते.

आता कायदा बाजूनं कधी असतो. लोकांचा एक गैरसमज आहे की मागणी खरी असली, मालक लबाड असला की संप कायदेशीर. तसं नाही भाऊ. युनियन काढणं हा घटनेतला मूलभूत हक्क आहे, १९(१)(ग) म्हणत्यात ते कलम, पण संप करणं हा मूलभूत हक्क नाही हे सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्येच बँक एम्प्लॉइज असोसिएशनच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. संप हा कायद्यानं दिलेला, अटी लावलेला हक्क आहे. आणि त्या अटी जवळजवळ सगळ्या तारखांच्या आहेत. संप कायदेशीर आहे का हे बघताना कोर्ट आधी कॅलेंडर काढतं, तुमचं दुःख नंतर ऐकतं. दुःखाचा उपयोग पगाराच्या वेळी होतो, ते पुढं येईल.

तर कॅलेंडर असं. संपाची नोटीस लेखी द्यायची. आधी १४ दिवसांची नोटीस केंद्राच्या कायद्याप्रमाणे फक्त पब्लिक युटिलिटीला म्हणजे रेल्वे, वीज, पाणी असल्यांनाच बंधनकारक होती, आता संहितेनं ती सगळ्याच कारखान्यांना लावली. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांत संप करता येत नाही, नोटिशीत जी तारीख टाकली तिच्या आधी करता येत नाही, आणि ६० दिवसांच्या आत केला नाही तर नोटीस शिळी होते, पुन्हा द्यावी लागते. महाराष्ट्रात आपल्याला १४ दिवसांचं नवल नाही, कारण आपला १९७१ चा राज्याचा कायदा, एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांचा कायदा, त्यात ते पहिल्यापासून आहे.

या १४ दिवसांवर एक किस्सा सांगतो, कारण माझ्या डोळ्यासमोर घडलाय. दहा-बारा वर्षं झाली, चितेगावकडची एक कंपनी, नाव राहू द्या. युनियनच्या पोरांनी ३ तारखेला नोटीस दिली, इनवर्डचा शिक्का घेतला, सगळं व्यवस्थित. १७ तारखेला सकाळी सातच्या शिफ्टला गेट बंद. मला बोलावलं ते दुपारी. मी नोटीस बघितली, बोटावर मोजलं, आणि पोटात गोळा आला. नोटीस दिली तो दिवस धरत नसतात. ४ तारखेपासून मोजलं तर चौदावा दिवस १७, तो रात्री बारा वाजता संपतो. संप करायचा होता १८ ला. एका रात्रीचा फरक. कंपनीच्या वकिलानं लेबर कोर्टात हाच एक मुद्दा घेतला, बाकी पंधरा मुद्दे त्यानं काढलेसुद्धा नाहीत, आणि कोर्टानं संप बेकायदा ठरवला. पण त्याच राज्याच्या कायद्यात एक दार उघडं आहे, ते फार लोकांना माहीत नसतं, कोर्टानं बेकायदा ठरवल्यापासून ४८ तासांच्या आत संप मागं घेतला तर तो त्या कायद्यापुरता बेकायदा धरत नाहीत. निकाल आला चार वाजता. संध्याकाळी गेटच्या समोर लिंबाच्या झाडाखाली मीटिंग, अर्धी पोरं म्हणायची हायकोर्टात जाऊ, माघार घेतली तर इज्जत जाते. मी म्हटलं इज्जत नंतर कमवता येते, अकरा जणांना कंपनीचं चार्जशीट निघालंय त्यांच्या घरी चूल पेटायची कशी ते आधी सांगा. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला सगळे आत. ती अकरा चार्जशीटं पुढं करार झाला तेव्हा परत घेतली. संपाच्या दिवसांचा पगार मात्र गेला तो गेलाच.

म्हणून नोटीस देताना दोन-चार दिवस जास्तीचे टाकत जा, कोणी बक्षीस देत नाही पंधराव्या दिवशीच संप केला म्हणून. आणि नोटीस सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवून येऊ नका, शिक्का आणि सही घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्ट आणि ईमेल दोन्ही, एक प्रत कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला.

आता खरी गोम. नोटीस गेली की समेट अधिकारी, म्हणजे तडजोड घडवायला सरकारनं नेमलेला माणूस, दोन्ही बाजूंना बोलावतो. त्याची पहिली बैठक झाली त्या दिवसापासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात, आणि ती चालू असताना संप करता येत नाही, संपल्यावरही पुढं ७ दिवस नाही. हिशोब करून बघा. समजा १ जूनला नोटीस दिली, तुम्ही १६ जून धरून बसलात, आणि साहेबांनी ८ जूनला बैठक लावली. संपाच्या नोटिशीवरच्या समेटाचा रिपोर्ट त्यांनी १४ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे २२ जून, वर सात दिवस, २९ जून. म्हणजे तुमचा १६ जूनचा संप बेकायदा, ३० जूनपासूनचा चालेल. तोपर्यंत पोरांचा जोर टिकवून धरायचा हे युनियनचं काम, कायद्याचं नाही. आणि त्यातही मालकाच्या हातात एक पत्ता आहे. समेट फिसकटला की कोणतीही बाजू थेट ट्रायब्युनलकडं, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडं, अर्ज करू शकते, आधीसारखं सरकार प्रकरण तिकडं कधी पाठवतंय याची वाट बघावी लागत नाही, आणि ट्रायब्युनलपुढं मॅटर चालू असेल तर संप बंद, निकालानंतर ६० दिवस बंद. म्हणजे तुम्ही २९ तारखेची वाट बघत बसलात आणि त्यांनी २६ ला अर्ज ठोकला तर खिडकी बंद झाली. माझं स्पष्ट मत आहे की कागदावर संपाचा हक्क ठेवलाय पण वापरायची जागा चिंचोळी करून ठेवलीय, यावर युनियनवाले ओरडतात ते उगीच ओरडत नाहीत.

मग नोटीस द्यायचीच कशाला? तर त्यासाठीच द्यायची. जी मॅनेजमेंट आठ महिने बसली नाही ती समेट अधिकाऱ्याच्या टेबलासमोर येऊन बसते, आणि एकदा समेट सुरू झाला की तिचेही हात बांधले जातात. त्या वादाशी संबंधित कामाच्या अटी तिला मनानं बदलता येत नाहीत, आणि त्याच वादातल्या मिसकंडक्टसाठी, म्हणजे गैरवर्तनासाठी, कोणाला काढायचं तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. मी बघितलेल्या दहातल्या सहा-सात नोटिशींत संप झालाच नाही, करार झाला.

राज्याचा कायदा आणि नवीन संहिता यात कोणता चालतो म्हणाल, तर संहितेनं रद्द केले ते तीन कायदे केंद्राचे आहेत, १९२६ चा ट्रेड युनियनचा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डरचा आणि १९४७ चा औद्योगिक विवादाचा. एमआरटीयू त्या यादीत नाही. वकील यावर भांडत बसतील, तुम्ही भांडू नका, दोन्हीतलं जे कडक असेल ते पाळा. राज्याच्या कायद्यात आणखी एक अट आहे ती तुम्हाला लागू होऊ शकते. तुमची युनियन मान्यताप्राप्त असेल, म्हणजे ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सहा महिने ३० टक्के सभासद दाखवून इंडस्ट्रियल कोर्टाकडून मान्यता घेतलेली, तर नोटीस देण्याआधी सभासदांचं मतदान घेऊन बहुमत संपाच्या बाजूनं असावं लागतं. हात वर करून "सगळ्यांना मंजूर" असं नका करू, नाव, टोकन नंबर, सही असा कागद करा. आणि मान्यता दुसऱ्याच युनियनकडं असेल आणि तुम्ही वेगळा गट असाल तर मला आधी सांगा, तो प्रकार वेगळा आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवा, १८ जानेवारी १९८२, अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं, पण कागदावर प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, त्यामुळं एवढा मोठा संप कायद्याच्या नजरेत बेकायदाच राहिला आणि चर्चेला अधिकृत बसायचा हक्क दुसऱ्याकडंच. आपल्या गावाकडची कैक माणसं त्या गिरण्यांतून परत आली, माझे चुलते त्यातलेच.

नोकरीचं विचारलंत. संप कायदेशीर असेल तर त्यात भाग घेतला म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, इंडस्ट्रियल कोर्टात तक्रार करता येते. संप चालू असताना नवीन भरती करणं हीसुद्धा. शिवाय रजिस्टर युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर कट रचला म्हणून फौजदारी, किंवा धंद्याचं नुकसान केलं म्हणून दिवाणी दावा चालत नाही, हे संरक्षण १९२६ पासूनचं आहे आणि संहितेतही ठेवलंय. संप बेकायदा असला तर मिसकंडक्ट होतो, पण तरीही सगळ्यांना एका नोटिशीनं घरी पाठवता येत नाही, गुजरात स्टील ट्यूब्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे सांगितलंय, कोणी काय केलं याची चौकशी ज्याची त्याची वेगळी. नुसता घरी बसलेला आणि बसची काच फोडलेला यांना एकाच तराजूत घालता येत नाही. दंड मात्र वाढलाय. आधी बेकायदा संपाला ५० रुपये दंड होता, पोरं हसायची, आता १ हजार ते १० हजार किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जो चिथावणी देतो, म्हणजे तुमच्यातला तो माइक धरणारा, त्याला १० हजार ते ५० हजार.

पगाराचं वेगळं आहे. संप कायदेशीर असला तरी पगार मिळेलच असं नाही. १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या केसमध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की संप कायदेशीर पण पाहिजे आणि न्याय्य पण पाहिजे, दोन्ही असेल तरच पगार. तिथं तुमचं आठ महिन्यांचं दुःख कामाला येतं, किती पत्रं लिहिली, किती वेळा वेळ मागितली, त्यांनी काय उत्तर दिलं, म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपा. आणि सोमवारच्या प्लॅनचा अजून एक फटका, दहा किंवा जास्त जणांनी मिळून, नोटीस न देता, सबळ कारण नसताना खाडा केला तर एका दिवसाच्या बदल्यात आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. ही तरतूद जुन्या वेतन कायद्यात होती, नव्या वेतन संहितेतही आहे. एका सीएलपायी आठ दिवसांचा पगार, घरी काय सांगणार? ग्रॅच्युइटीच्या सलग सेवेलाही बेकायदा संपाचे दिवस अडचण करतात, ते रिटायर व्हायच्या वेळी कळतं.

काम हळू करायचं, म्हणजे गो-स्लो, तेही सुचवतील कोणी. अजिबात नको, त्याला संपाइतकंही संरक्षण नाही, तो सरळ मिसकंडक्ट आणि आपल्या राज्याच्या कायद्यात युनियनची अनुचित प्रथा, घेराव आणि साहेबाच्या घरासमोर निदर्शनं यांच्याच रांगेत. काळ्या फिती लावून काम केलं तर तो संप नाही, ते खुशाल करा. संप झालाच तर गेट अडवू नका, कंपनी दुसऱ्याच दिवशी गेटपासून शंभर-दोनशे मीटर लांब राहायची ऑर्डर आणते आणि मग मंडप रस्त्याच्या पलीकडं हलवत बसावं लागतं.

कोणी म्हणेल एसटीवाल्यांनी पाच-सहा महिने केला की. तो बघून काही ठरवू नका, २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला तो संप, निलंबनं, बडतर्फ्या सगळं झालं, शेवटी एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टानं २२ तारखेपर्यंत कामावर या, कारवाई होणार नाही असं सांगितलं तेव्हा मिटलं. दरवेळी हायकोर्ट असं सांभाळून घेईल याची गॅरंटी कोण देणार. सरकारी कर्मचाऱ्यांचं तर अजूनच वेगळं, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं रंगराजन केसमध्ये त्यांना संपाचा ना मूलभूत, ना कायदेशीर, ना नैतिक हक्क असं म्हटलंय, वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा. तुमची कंपनी त्यात येत नाही. आणि आपल्या बीडकडच्या ऊसतोड कामगारांचं उलटंच, त्यांना या कायद्यांचा आधार जवळजवळ नाहीच, कागदावर मालकच नाही, उचल मुकादमाची, कारखाना म्हणतो आमची माणसं नाहीत, पण कोयता बंद ठेवला की मोळी टाकूनही गव्हाणीत ऊस पडत नाही, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ घेतली त्यांनी. कायद्याचा आधार आणि प्रत्यक्षातला जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडं पार्ट दोन दिवस गेला नाही तर पुण्यातली लाइन थांबते का, हेही बसून बघा.

ठेकेदाराच्या पोरांना सोबत घ्यायचं असेल तर त्यांची मागणी वेगळी लिहा, नोटीस ठेकेदाराच्या नावानं वेगळी द्या, कारण त्यांचा कागदावरचा मालक तो. तुमच्या नोटिशीवर त्यांनी काम बंद केलं तर पहिला बळी तेच जातात, एका फोनवर गेटपास बंद. अप्रेंटिसला तर ओढूच नका, तो कायद्यानं कामगारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही प्रश्नात एका ओळीत टाकून पुढं गेलात. करार संपून आठ महिने झाले म्हणता. संपला हे कोणी सांगितलं? करारावरची मुदत संपली म्हणजे करार संपत नाही. एका बाजूनं लेखी कळवावं लागतं की आम्ही हा करार संपवतोय, आणि त्या नोटिशीनंतर ६० दिवस, जुन्या कायद्यात दोन महिने, जाईपर्यंत तोच करार बंधनकारक राहतो. आणि करार चालू असताना त्यातल्याच विषयावर, म्हणजे पगारवाढीवर, संप केला तर १४ दिवसांची नोटीस कितीही पक्की असू द्या, तो बेकायदा. नवीन मागणीपत्र देताना बहुतेक युनियन पहिल्या पॅरातच लिहिते की अमुक तारखेचा करार आम्ही संपुष्टात आणत आहोत, पण घाईत काही ठिकाणी फक्त मागण्यांची यादी देतात आणि ते वाक्य राहून जातं. तुमच्या अध्यक्षाकडं फाइल असेल. मागणीपत्राचं पहिलं पान आणि त्यावरचा कंपनीचा शिक्का दिसेल असा फोटो काढून पाठवा, ते वाक्य असलं आणि त्या शिक्क्याला ६० दिवस उलटले असले तर सोमवारी सगळे कामावर जा आणि संध्याकाळी मतदानाचा कागद करायला बसू, नसलं तर आधी ते पत्र जाऊ द्या.